थर्टीफर्स्टचं बिनदारूचं पंच : सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीचं प्रकरण

सोसायटी सिंहगड रस्त्यावरची, तीन विंगची. कार्यक्रम ३१ डिसेंबर २०२५ चा, गच्चीवर, संध्याकाळी साडेपाचपासून रात्री साडेबारापर्यंत. माणसं नव्वदच्या आसपास. त्यांत तीसेक मुलं आणि पंधरा-वीस ज्येष्ठ. जेवण बाहेरून यायचं होतं. प्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी बारशी, डोहाळजेवणं, मुंजी अशा घरगुती कार्यांना सरबतं आणि पन्हं करून देते. सेक्रेटरींनी मागणी एका दमात सांगून टाकली : "ताई, पंच करा. लाल दिसलं पाहिजे, मुलांना आवडलं पाहिजे आणि दारूचा थेंब नको."

आदल्या वर्षीही पंच होतं. ते एका केटररने दिलं होतं : लाल सिरप, पाणी, सोडा आणि वर सफरचंदाचे तुकडे, एका मोठ्या उघड्या काचेच्या भांड्यात. साडेसातला भरलेलं भांडं साडेआठपर्यंत मेलं. सोड्याचा गॅस गेला, बर्फ वितळून चव पाणचट झाली, सफरचंद काळं पडलं. मुलांनी दोन-दोन ग्लास रिचवले, मोठ्यांनी एक घोट घेऊन ग्लास कठड्यावर ठेवून दिले. साडेनऊनंतर पुरुषमंडळी एकेक करून खाली पार्किंगमध्ये सरकली आणि गाड्यांच्या डिक्क्या उघडल्या. गच्चीवर उरल्या बायका, मुलं आणि शाली पांघरलेले आजी-आजोबा. बारा वाजता वर आलेल्यांपैकी दोघांची आपसात बाचाबाचीही झाली. समितीला चवीबद्दल फारशी तक्रार नव्हती. गच्ची रिकामी होते, हे त्यांचं दुखणं होतं.

मला ते लगेच पटलं. मोठ्या माणसाला रात्री पाच-सहा तास हातात धरावंसं वाटेल असं काही आपण ठेवलंच नाही, तर तो ते दुसरीकडे शोधणार. बिनदारूचं पेय म्हणजे मुलांचं पेय, असं आपल्याकडे जवळजवळ सगळे धरून चालतात, आणि तसंच ते करतात.

मग तीन-चार दिवसांनी त्याच सोसायटीतल्या एका बाईंचा फोन आला. सेक्रेटरींकडून नंबर घेतला म्हणाल्या. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या आणि शेवटी मुद्द्यावर आल्या : "त्यात खरंच काही नसेल ना? आणि मध्येच कुणी काही टाकणार नाही ना?" त्यांच्या यजमानांनी उपचार घेऊन दारू सोडलेली, तिसरं वर्ष चालू होतं. आदल्या ३१ डिसेंबरला ते घरी टीव्हीसमोर बसून राहिले होते. वर जाऊन प्रत्येकाला 'नको, मी घेत नाही' सांगण्यापेक्षा ते बरं, असं त्यांचं म्हणणं. या वर्षी जायचं म्हणत होते, पण ग्लास हातात घेताना शंका नको होती.

या फोननंतर कामाचं स्वरूप बदललं. पुण्यात मुक्तांगणसारखं व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून उभं आहे. सोडलेली दारू सांभाळत जगणारी माणसं या शहराच्या प्रत्येक वस्तीत आहेत, फक्त ती पत्रिकेत दिसत नाहीत. यादी करायला बसल्यावर आणखीही माणसं पुढे आली. एक मुस्लिम कुटुंब, जे दारूचा अंश असलेलं काहीही घेत नाही. दोन जैन घरं, आलं न खाणारी आणि सूर्यास्तानंतर तोंडात काही न घालणारी. मधुमेहाचे बरेच जण. एक गरोदर मुलगी. रात्री गाडी चालवून हडपसरला परतणारे पाहुणे. म्हणजे 'न पिणारे' हे कोपऱ्यातले चार जण नव्हते. मोजायला गेलं तर गच्चीवरचे निम्म्याहून जास्त तेच होते.

तेव्हा मी समितीला दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. पेय एकच असेल, सगळ्यांना एकाच प्रकारच्या ग्लासात मिळेल, आणि कुणाच्या हातात काय आहे हे कुणाला विचारावं लागणार नाही. आणि भांडं उघडं राहणार नाही.

दारू काढली की काय जातं

पंच मुळात दारूचंच. सतराव्या शतकात हिंदुस्थानाशी व्यापार करणाऱ्या इंग्रज खलाशांनी ते इथून तिकडे नेलं. दारू, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला असा त्याचा ढाचा होता. त्यातली दारू काढून टाकली की उरतं ते लिंबाचं सरबत. ते वाईट नसतं, पण घटाघटा संपतं. दारूने पेयाला नशेखेरीज आणखी एक गोष्ट दिलेली असते : घशाला लागणारी धग आणि थोडा कडसरपणा. त्यामुळे माणूस घोट-घोट घेतो, मधे थांबतो, बोलतो. बिनदारूच्या पंचात हा संथपणा दुसऱ्या कशातून तरी आणावा लागतो. नाहीतर ग्लास दोन मिनिटांत रिकामा होतो आणि तिसऱ्या ग्लासाला गोडाने तोंड मिटतं.

काळा चहा हा त्यावरचा नेहमीचा उपाय. चहाचा तुरटपणा जिभेला धरून ठेवतो. पण रात्री नऊला मुलांच्या पोटात चहा घालायचा नव्हता. आपल्याकडे त्याहून चांगलं आहे : कोकम. आंबट, किंचित तुरट, रंगाने गर्द लाल, आणि अपरिचित नाही. आगळ, म्हणजे कोकमाचा तयार रस, मात्र घेऊ नये, त्यात भरपूर मीठ असतं. बिनमिठाचं सुकं कोकम मागून घेतलं, लिटरभर पाण्याला सव्वाशे ग्रॅम या हिशेबाने रात्रभर भिजवलं आणि सकाळी हाताने कुस्करून गाळलं. धगीसाठी मिरी आणि सुंठ. ताजं आलं टाळून सुंठ घेतल्याने दोन्ही जैन घरांचीही सोय झाली. त्यांना सुंठ चालते, हे आधी विचारून घेतलं होतं.

काही सूचना आल्या, त्या मी नाकारल्या. त्या का नाकारल्या ते सांगायला हवं, कारण त्या चांगल्या मनाने आल्या होत्या. एकाने रम इसेन्सचे थेंब सुचवले, "म्हणजे तो फील येईल." ज्याने कष्टाने दारू सोडली आहे त्याच्या नाकाशी रमचा वास नेऊन धरणं हा क्रूरपणा आहे. वास आणि चव यांतूनच जुनी ओढ जागी होते, म्हणून सोडलेल्यांना दारूच्या नकला टाळायला सांगतात. दुसऱ्याने कॉकटेलमध्ये घालतात त्या बिटर्सचं नाव घेतलं. दोन थेंबांनी काय होतंय, असं वाटतं, पण अंगोस्तुरा बिटर्समध्ये ४४.७ टक्के अल्कोहोल असतं. खरा व्हॅनिला अर्कही अल्कोहोलमध्येच काढतात. 'नॉन-अल्कोहोलिक' लिहिलेल्या बिअरमध्येही अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं, कारण आपल्या अन्नसुरक्षा नियमांत अर्ध्या टक्क्याच्या वर गेलं तरच ते मद्य ठरतं. कायद्याला ते चालेल. मी त्या बाईंना फोनवर 'काही नाही' म्हटलं होतं, तिथे अर्धा टक्काही बसत नाही.

पपनसाचा रस घाला, छान कडसर लागेल, असंही कुणी म्हणालं. चवीच्या बाजूने सूचना बरोबरच. पण ग्रेपफ्रूट आणि त्याच कुळातलं पपनस कोलेस्टेरॉलच्या काही स्टॅटिन गोळ्यांचा आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचा परिणाम शरीरात वाढवतात. गच्चीवर पंधरा-वीस ज्येष्ठ असताना कोण कुठली गोळी घेतं हे विचारत फिरण्यापेक्षा ते फळ आणायचंच नाही, हे सोपं. धूर निघण्यासाठी कोरडा बर्फ (ड्राय आइस) हवा, हा तरुण मुलांचा हट्ट होता. त्याचं तापमान उणे ७८ अंशांच्या खाली असतं. २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका हॉटेलात तो पाहुण्यांच्या तोंडात गेला आणि त्यांना रक्ताच्या उलट्या झाल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. मुलं असलेल्या कार्यक्रमात तो विषय तिथेच संपतो.

फळं

डिसेंबर हा पुण्यात फळांचा राजा महिना आहे. नागपूरची आंबिया बहाराची संत्री, सोलापूर-सांगोल्याकडचं 'भगवा' जातीचं डाळिंब, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीची सुरुवात, पेरू, बोरं, सगळं एकदम. या दिवसांत डबाबंद रस विकत घेणं मला पटत नाही. त्यातही डब्यावर 'फ्रूट ड्रिंक' किंवा 'फ्रूट बेव्हरेज' लिहिलेलं असेल तर आत रस दहा टक्के असला तरी नियमाला पुरतो. बाकी पाणी आणि साखर, ती आपल्याकडेही असतेच.

खरेदी गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून, पहाटे. संत्री वीस किलो, डाळिंबं पंधरा किलो, अननस आठ, लिंबं पन्नास. संत्रं दिसण्यावर घ्यायचं नाही, हातात तोलून घ्यायचं. मोठं आणि चकचकीत असून हाताला हलकं लागलं, साल फोडींपासून सुटून आत पोकळ दाबलं गेलं, तर ते पोलं. त्यात रस नसतो. डाळिंबाचं उलटं : अगदी गोल गरगरीत नको. दाणे भरले की साल आतून ताणली जाते आणि फळाला कोन येतात. असं कोनदार, जड फळ घ्यावं, सालीवर चट्टे असले तरी हरकत नाही.

डाळिंब सोलायला सोसायटीच्याच सात-आठ जणी दुपारी एका घरी बसल्या. पंधरा किलो डाळिंबं एकटीचं काम नाही. रस काढताना मी मिक्सर फक्त झटका देऊन थांबवते, दोन-तीनदा, बस. दाण्याची लाल पिशवी फुटते आणि आतलं पांढरं बी अख्खं राहतं. मिक्सर सलग फिरवला की बी भरडलं जातं, रस गढूळ होतो आणि असा तुरट कडवटपणा येतो की तो साखरेने लपत नाही. मग मोठ्या गाळणीत ओतून वाटीच्या बुडाने हलकं दाबायचं, रगडायचं नाही. किलोमागे चारशे मिली रस मिळाला तर समाधान मानावं.

अननसाचं वेगळं. न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलिन असतं, ते प्रथिनं फोडतं. जास्त खाल्लं की जीभ सोलल्यासारखी होते ती त्यामुळेच, आणि लहान मुलांना ते आधी जाणवतं. शिवाय कच्चा रस सोड्याला लागला की फेसाचा डोंगर उभा राहतो. म्हणून रस काढून एक उकळी आणली आणि मंद आचेवर पाच मिनिटं ठेवला. ब्रोमेलिन निकामी होतं, फेस वर येतो, तो काढून टाकता येतो. चव थोडी शिजल्यासारखी होते खरी, पण दालचिनीच्या सोबत ती उलट शोभते.

सगळ्यांत नाजूक संत्रं. समितीतल्या एका ताईंनी आठवडाभर आधी हौसेने घरी नमुना केला होता : सकाळी संत्र्याचा रस काढून फ्रिजमध्ये ठेवला, संध्याकाळी घरच्यांना दिला. कडू. त्यांना वाटलं फळं खराब निघाली. फळं चांगलीच होती. संत्र्याच्या पाकळीच्या पांढऱ्या आवरणात आणि बियांत एक द्रव्य असतं, ते स्वतः कडू नसतं. रस निघाला की रसाच्या आंबटपणामुळे त्याचं हळूहळू लिमोनिन होतं, आणि ते जबरदस्त कडू. मोसंबीच्या रसाचा हाच अनुभव घरोघरी आहे. गाडीवरचा रस तिथेच उभं राहून पिण्यात शहाणपण आहे ते यामुळे. तापवल्याने कडूपणा जास्त लवकर येतो, त्यामुळे अननसाचा उपाय इथे चालत नाही. उपाय एकच : संत्र्याचा रस शेवटी काढायचा, मिक्सरला न लावता, आडवं कापून हाताने पिळून, बिया आणि चोथा न रगडता, आणि तासाभरात वाढायचा. गच्चीच्या जिन्याशी टेबल मांडून दोन कॉलेजवयीन मुलं प्रत्येक पातेल्याच्या आधी संत्री पिळत होती. हे काम मुलांना द्यावं, ती ते उत्साहाने करतात.

पाणी, बर्फ आणि गोडाचा हिशेब

सिंहगड रस्त्यावर पाण्याबद्दल लोक आता दोनदा विचारतात, आणि त्यांना तो हक्क आहे. २०२५ च्या जानेवारीत याच पट्ट्यात, नांदेड-किरकटवाडी-धायरीच्या बाजूला, जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे) रुग्ण एकापाठोपाठ एक सापडले. काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू मिळाला आणि पाण्यावर सगळ्यांची नजर गेली. पंचात पाणी कमी दिसतं, पण कोकम भिजतं पाण्यात, पाक होतो पाण्याचा, आणि बर्फ म्हणजे पाणीच. तेव्हा सगळं पाणी उकळून गार केलेलं. बर्फ विकतचा नाही. पाच घरांच्या फ्रीझरमध्ये दोन दिवस आधीपासून स्टीलच्या डब्यांत लावला.

त्यातही साधं पाणी न गोठवता कोकमाचं पाणी गोठवलं. वितळला तरी पेय पातळ होत नाही, उलट रात्र चढते तशी चव किंचित आंबट आणि मोठ्यांच्या जिभेची होत जाते. मोठा ठोकळा लहान खड्यांपेक्षा हळू वितळतो, कारण वजनाच्या मानाने त्याचा कमी पृष्ठभाग पेयाला लागतो. निम्म्या डब्यांत स्ट्रॉबेरी आणि डाळिंबाचे दाणे घातले होते, ते दिसायला सुंदर झालं.

आता गोड. घरचा ताजा रस म्हणजे मधुमेहींना चालतो, हा समज मी फार ठिकाणी ऐकते आणि तो धोक्याचा आहे. एका पातेल्याचा हिशेब मांडते, म्हणजे दिसेल. संत्र्याचा रस दोन लिटर, डाळिंबाचा दीड, अननसाचा दीड, कोकमाचं पाणी एक लिटर, लिंबाचा रस दोनशे मिली, दोन चिमटी सैंधव, आणि चारशे ग्रॅम साखरेचा मसाल्याचा पाक. पाकासाठी अर्धा लिटर पाण्यात दालचिनीचे चार तुकडे, बारा लवंगा, दोन चक्रफुलं, दहा मिरी आणि चमचाभर सुंठ. दहा मिनिटं उकळून अर्ध्या तासाने गाळायचं. लवंग रात्रभर राहिली तर जीभ बधिर होते. असं सात लिटर मूळ मिश्रण. त्यात घातलेली साखर चारशे ग्रॅम असली तरी फळांची स्वतःची साखर साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास जाते. दोन भाग मिश्रणाला एक भाग सोडा धरला तर दीडशे मिलीच्या ग्लासात चौदा ग्रॅम साखर बसते. त्याच मापाच्या कोलात सोळाच्या आसपास असते. फरक फार नाही.

म्हणून एकूण चार पातेल्यांतलं एक वेगळं केलं. तिन्ही रस निम्मे, पाकाऐवजी त्याच मसाल्याचा बिनसाखरेचा काढा, कोकमाचं पाणी अडीच लिटर, आणि ग्लासात मिश्रण-सोडा अर्धं-अर्धं. ग्लासामागे साखर चार ग्रॅमवर आली. रंग जवळपास तोच, ग्लास तोच, वर संत्र्याची चकतीही तीच. 'डायबेटिक' अशी चिठ्ठी लावू दिली नाही. नावं दिली 'गोड' आणि 'कडक'. आणि अंधारातही ज्याचं त्याला ओळखता यावं म्हणून कडकच्या ग्लासात पुदिन्याचं पान. चव मात्र पूर्ण गार झाल्यावरच ठरवायची. थंडीत गोडी दबते, म्हणून कोमट असताना बरोबर वाटलेलं गार झाल्यावर कमी गोड लागतं आणि लोक घाईने साखर वाढवतात.

घंगाळ, झाकण, पळी

भांडं काय असावं यावर समितीत बराच खल झाला. एका आजींनी त्यांचं तांब्याचं घंगाळ काढून दिलं, चिंचेने घासून लखलखीत केलेलं. गच्चीवर दिव्यांखाली ते काय दिसलं असतं! पण लिंबू, कोकम, डाळिंब, सगळं आंबट. बिनकल्हईच्या तांब्यात ते तासभर ठेवलं तरी तांबं पेयात उतरतं, पोटात मळमळतं, उलट्या होतात. पितळेचं तेच, ॲल्युमिनियमही नको. आजींना वाईट वाटू नये आणि घंगाळही वाया जाऊ नये, म्हणून ते बाहेरचं भांडं केलं : घंगाळात बर्फ, बर्फात स्टीलचं झाकणाचं पातेलं. हा बाहेरचा बर्फ तेवढा विकतचा होता, तोंडात न जाणारा. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फाला निळा रंग देण्याचा नियम आहे, पण बाजारातला बर्फ पांढरा दिसला म्हणून तो खाण्याचा आहे असं धरून चालू नये.

सोडा पातेल्यात ओतायचाच नाही, हे मी ठरवलं होतं. गार द्रवात गॅस जास्त टिकतो, पण उघडझाक आणि ढवळणं यांत तो जातोच. त्यापेक्षा मिश्रण पातेल्यात, सोड्याच्या सीलबंद बाटल्या शेजारी बर्फात, आणि दोघांची गाठ ग्लासात. यासाठी पळी मोजून घेतली. शंभर मिलीची होती. एक पळी मिश्रण, मग ग्लास तिरका धरून कडेने सोडा. कडकसाठी पाऊण पळी आणि तेवढाच सोडा. वाढणाऱ्याला एवढं सांगितलं की बारा वाजताचा ग्लास साडेसहाच्या ग्लासासारखाच होतो.

म्हणजे वाढायला माणूस हवा, आणि माझ्या दृष्टीने हीच मुख्य गोष्ट होती. उघडं भांडं आणि शेजारी ग्लासांची रास ठेवली की भांडं कुणाचंच नसतं. थट्टा म्हणून पाव बाटली ओतून जाणारा एक तरी महाभाग प्रत्येक कार्यक्रमात असतो. अशा थट्टेने एखाद्याची तीन वर्षं एका घोटात पणाला लागतात, याची त्याला कल्पनाही नसते. पातेल्यावर झाकण, झाकणाशी माणूस, तासातासाने पाळी. पाळ्यांची यादी लिहिली तेव्हा फोन करणाऱ्या बाईंच्या यजमानांनी दहा ते बाराच्या दोन्ही पाळ्या स्वतः मागून घेतल्या. रिकामं बसण्याचा तोच वेळ त्यांना जड जातो, असं त्या नंतर म्हणाल्या. का मागितल्या हे समितीत कुणी विचारलं नाही, आणि मला ते फार आवडलं.

केकचा प्रश्न शेवटच्या दिवशी निघाला. कॅम्पातून आणलेल्या दोन प्लम केकपैकी एकाची फळं रममध्ये भिजवलेली होती. तो केक दुसऱ्या टेबलावर, चिठ्ठी लावून. पेयाची एवढी काळजी घेऊन केककडे दुर्लक्ष झालं असतं तर सगळंच फुकट.

त्या संध्याकाळी

पहिलं पातेलं साडेपाचला उघडलं. डिसेंबरअखेर पुण्यात सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो. दोन्ही जैन घरांनी त्याआधी मुलांच्या खेळांच्या वेळी आपले ग्लास घेतले. 'तुमच्यासाठी बाजूला ठेवलंय' असं म्हणण्याची वेळच आली नाही. सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्या आधी.

साडेआठला मी गच्चीच्या टोकाला उभी राहून नुसते हात बघत होते. कठड्यावर ठेवून दिलेले अर्धे ग्लास जवळपास नव्हते. माणसं ग्लास धरून उभी होती, बोलता बोलता घोट घेत होती. मिरी-सुंठ घशाला लागत होती. एक-दोन मुलांनी तोंडं वाकडी केली, त्यांना गोडमध्ये सोडा वाढवून दिला की झालं. एका काकांनी, जे आदल्या वर्षी पार्किंगमधले म्होरके होते, तीनदा येऊन कोकम कुठलं ते विचारलं.

पार्किंग पूर्ण बंद झालं असं मी म्हणणार नाही. साडेदहाच्या सुमाराला चार-पाच जण खाली गेलेच. पण गच्ची रिकामी झाली नाही, कारण बाकीचे वरच राहिले.

अकरा वाजून गेल्यावर एक तरुण जॅकेटच्या आत बाटली घेऊन पातेल्याशी आला. "काका, थोडी रंगत आणूया का?" पळीवर फोन करणाऱ्या बाईंचे यजमानच होते. त्यांनी झाकण लावलं, त्यावर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "तुझ्या ग्लासात काय घालायचं ते तू खाली जाऊन घाल बाळा. हे सगळ्यांचं आहे." तो ओशाळला, हसला आणि बाटली तशीच आत ठेवून एक कडक ग्लास मागून घेतला. टेबलाशी उभ्या असलेल्या चौघांखेरीज हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. भांडं उघडं असतं, तर त्याने विचारायची तसदी घेतली नसती.

माणशी खर्च साठ रुपयांच्या आत बसला, त्यात सर्वांत मोठा वाटा डाळिंबाचा. बारा वाजेपर्यंत गोडच्या तीन पातेल्यांतलं शेवटचं निम्मं उरलं होतं. कडक मात्र सव्वादहालाच संपलं, आणि ते मधुमेहींनी संपवलं नव्हतं; चाळिशीच्या आतली मंडळी पुदिन्याचं पान बघून तेच मागत होती. घाईने त्याचं आणखी अर्धं पातेलं करावं लागलं. सुदैवाने कोकमाचं पाणी आणि काढा शिल्लक होता, संत्री जिन्याशी होतीच.

उरलेलं गोड मिश्रण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू दिलं नाही. त्यातला संत्र्याचा रस सकाळपर्यंत कडू होणारच होता. जे साडेबारापर्यंत थांबले त्यांनी ते संपवलं. समितीने पुढच्या वर्षीचं काम तिथेच सांगितलं, आणि त्या हिशेबात मी प्रमाण बदललं आहे : दोन पातेली गोड, दोन कडक, डाळिंब बारा किलो, कोकम दीड किलो.